आता मेस्त्रीच बदलतो

सणसरच्या सप्ताहात पहिल्या दिवसाचं कीर्तन ऋषिराज महाराजांचं आणि शेवटचं काल्याचंही त्यांचंच, हे गेली सहा वर्षं ठरून गेलेलं. महाराज गावचेच. वय पस्तिशीच्या आतलं, आवाज असा की माईक बंद पडला तरी चावडीपर्यंत शब्द न् शब्द पोचावा. आणि हसवण्याची हातोटी तर विचारू नका. त्या रविवारी संध्याकाळी सगळा मांडव हसून हसून आडवा झाला होता. टाळकऱ्यांच्या पहिल्या रांगेत डावीकडून तिसरा उभा असलेला माणूस मात्र हसत नव्हता. तो चिंतामण मेस्त्री. मांडव हसत होता तो त्याच्यावरच.

झालं होतं ते असं. महाराज मनाच्या चंचलपणावर बोलत होते. चांगला रंग भरला होता. पखवाज थांबला, महाराजांनी उपरणं सावरलं आणि म्हणाले, "लांबचं कशाला, माझ्या गाडीचंच बघा की. गिअरबॉक्समधनं तेल गळतंय. धार न्हाई बरं का, थेंब. रात्री उभी केली की सकाळी खाली पुरीएवढा डाग. मेस्त्र्याकडं नेली. मेस्त्री म्हणाला, महाराज, सील गेलंय. बदललं सील. महिन्यानं पुन्हा थेंब! मेस्त्री म्हणाला, सील डुप्लिकेट लागलं. बदललं पुन्हा. पुन्हा थेंब! शेवटी मी हात जोडले. म्हटलं, मेस्त्री, आता सील बदलून भागत न्हाई. आता मेस्त्रीच बदलतो!"

आणि बोलता बोलता त्यांचा हात टाळकऱ्यांच्या रांगेकडे वळला. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज काय? त्या रांगेत मेस्त्री एकच. बायकांनी तोंडाला पदर लावले, म्हाताऱ्यांनी मांड्या थोपटल्या, गळ्यात वीणा अडकवलेला विणेकरीसुद्धा खुदखुदला. विणेकऱ्यानं तरी हसू नये, एवढीच चिंतामणची देवाकडं अपेक्षा होती, तीही गेली.

महाराज पुढं "तसंच या मनाचं आहे" म्हणून सुरेख बोलले असतील. चिंतामणला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. एकतीस वर्षं त्यानं त्या रांगेत टाळ वाजवला होता. अंगात ताप असताना वाजवला होता, बाप गेल्याच्या चौदाव्या दिवशी वाजवला होता, ठेका कधी चुकला नव्हता. त्या संध्याकाळी पुढच्या अभंगाला त्याचा टाळ अर्ध्या मात्रेनं मागं पडला आणि शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं. घरी येताना त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तेवढ्यावर भागलं असतं तर माणूस चार दिवसांत विसरला असता. पण कुणीतरी ते फोनवर टिपलं होतं. चाळीस सेकंदांचा तुकडा. सोमवारी सकाळी तो सणसरच्या ग्रुपवर, दुपारी भवानीनगरच्या, आणि मंगळवारी कारखान्यावर उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत ड्रायव्हर लोक तो एकमेकांना दाखवत होते. चिंतामणचं गॅरेज भवानीनगरच्या रस्त्यालाच. पत्र्याची शेड, खाली उतरून काम करायला खणलेला खड्डा, आणि दारात निंबाचं झाड. येणारा जाणारा काच खाली करून विचारायचा, "काय मेस्त्री, बदलायचा का?"

सुयोग नावाचा एक ट्रॅक्टरवाला तर मुद्दाम थांबला. "मेस्त्री, माझ्या ट्रॅक्टरचं ब्रेक जरा कमी लागतंय. बघता, का दुसरा बघू?"

"ये खाली," चिंतामण म्हणाला. "ब्रेक लागतो का न्हाय ते तुलाच चाकाखाली घालून बघतो."

सुयोग हसत हसत निघून गेला. चिंतामणनं हातातला पाना असा आपटला की त्याचा ठणका मनगटापर्यंत आला.

घरी विनयानं, त्याच्या बायकोनं, ताट वाढता वाढता विषय काढला. "अवो, पण नाव कुठं घेतलं त्यांनी तुमचं?"

"नाव घेतलं असतं तर परवडलं असतं. समोरासमोर भांडता तरी आलं असतं. नाव न घेता मारलंय मला."

"महाराज तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान हायेत. पोरकट बोलून गेले असतील. तुमी मोठे."

"मी मोठा म्हणून रांगेत उभा, आणि ते लहान म्हणून गादीवर. मोठेपण कुठं ठेवू? काल्याला मी टाळ धरणार न्हाय. सांगून ठेवतो."

विनया हातातली भाकरी तशीच धरून बघत राहिली. "देवाशी भांडण काढलं का?"

"देवाशी न्हाय. देवाच्या माईकशी हाय."

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा थट्टेला एवढा राग? पण ज्याला कीर्तनाची गोडी आहे त्यालाच ते कळायचं. चिंतामणला दुसरा कसला नाद नव्हता. दिवसभर खड्ड्यात, डोक्यावर दुसऱ्याच्या गाडीची घाण, आणि संध्याकाळी अंघोळ करून मांडवात उभं राहिलं की अंगावरचं सगळं धुऊन जायचं. तिथं त्याला कुणी मेस्त्री म्हणत नव्हतं, माउली म्हणत होतं. ती जागाच आता हातची गेली होती. परत रांगेत उभं राहायचं तर लोकांनी टाळाकडं बघायला हवं होतं, आणि लोक तर त्याच्याकडं बघून गालात हसणार होते. काला रविवारी. मध्ये दिवस चारच.

आणि आतली खरी टोचणी निराळीच होती, ती त्यानं विनयालाही सांगितली नव्हती. महाराज खोटं बोलले नव्हते. दोनदा सील, म्हणजे शाफ्टभोवतीचं तेल अडवणारं रबरी कडं, बदललं होतं. दोन्ही वेळा सील चांगल्यातलं, बसवलं हातानं, शाफ्टला ओरखडा नाही, बेअरिंगला खेळ नाही. खालचा बूच नवीन वॉशर घालून आवळला होता. आणि तरी थेंब पडत होता. का पडत होता ते चिंतामणला सांगता येत नव्हतं. दुसऱ्यानं केलेला अपमान झोपेत विसरता येतो. आपल्याच हाताचा अपमान उशाशी बसून राहतो.

गुरुवारी सकाळी त्याला कळलं की महाराज माळेगावला एका दशक्रियेच्या प्रवचनाला गेलेत, दहापर्यंत बारामतीवरून परत येतील. चिंतामण पावणेदहालाच रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. उसाच्या जोडट्रॉल्या धूळ उडवत जात होत्या. ती धूळ गिळत तो उभा होता आणि मनातल्या मनात शब्द जुळवत होता. जुळवलेले सगळे शब्द इतके वाईट होते की माळकऱ्याच्या तोंडाला शोभले नसते.

महाराजांची जुनी पांढरी जीप दिसली तसा तो सरळ रस्त्यावर आला आणि हात आडवा केला. महाराज स्वतःच चालवत होते. शेजारी नेहमीप्रमाणे रामहरी आबा, मांडीवर पखवाज. आबा पखवाजी. वय बहात्तर, पण पखवाजाला हात लागला की पंचविशीचे. चिंतामणला विसाव्या वर्षी पहिला ठेका मांडीवर थाप मारून शिकवला तो याच आबांनी. महाराज जिथं जातील तिथं आबा, मग तिथं पखवाज लागो वा न लागो.

"रामकृष्णहरी, चिंतामणराव," महाराज हसून म्हणाले. "रस्ता का अडवलाय?"

"गाडी शेडमध्ये घ्या."

"अहो, जेवायचं आमंत्रण हाय भवानीनगरात. संध्याकाळी लावतो की."

"दोनदा संध्याकाळीच लावलीय. आज आत्ता लावायची. जेवण कुठं पळत न्हाय. माझी अब्रू पळालीय, ती आधी धरायचीय."

महाराजांचं हसू जरा बारीक झालं. आबा हळूच म्हणाले, "घ्या महाराज, घ्या आत. लई तापलाय त्यो."

गाडीही तापलेली होती. माळेगावहून बारामती, बारामतीहून इथपर्यंत, वाटेत ट्रॉल्यांच्या मागं दुसऱ्या न् तिसऱ्या गिअरमध्ये रखडत आलेली. खड्ड्यावर गाडी घेतली तेव्हा खालून गरम तेलाचा वास येत होता. चिंतामण खाली उतरला, दिवा लावला. गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाशी, जिथून शाफ्ट मागच्या चाकांकडं निघतो, तिथं सीलच्या खाली तेल गोळा होऊन एक थेंब लोंबत होता. चिंतामणनं त्याच्याकडं असं बघितलं जसं कोर्टात आरोपीकडं बघावं.

"ह्योच तो," तो खालून ओरडला. "ह्यानं मला गावात नागडा केला!"

"अहो चिंतामणराव," वरून महाराजांचा आवाज आला, "तुम्ही ते मनाला लावून घेतलं की काय? तो दृष्टांत होता. कीर्तनात माणूस दृष्टांत दिल्याशिवाय तत्त्व सांगायचं कसं?"

"मग स्वतःचा द्यायचा! मागं तुमी बारामतीच्या घाटावर गाडी उलटी घेताना खांबाला ठोकलीत, ती मी गपचूप ठोकून सरळ केली. त्याचा दृष्टांत दिलात का कधी?"

आबांनी खोकल्याचं निमित्त करून हसू गिळलं.

चिंतामणनं ब्रशनं डिझेल मारून सगळा गिअरबॉक्स धुतला, फडक्यानं कोरडा पुसला. हात चालत होते आणि त्याच्या जोडीनं तोंडही. "एकतीस वर्षं. एकतीस वर्षं मी त्या रांगेत हाय. तुमी शाळेत होता तवा मी तितं होतो. तुमच्या पहिल्या कीर्तनाला तुमाला घाम फुटला, चाल विसरलात, तवा मागनं अभंग उचलून कुणी धरला? सांगा की आबा, कुणी धरला?"

"तूच धरलास बाबा," आबा म्हणाले.

"मग त्याची ही परतफेड?"

असं म्हणत त्यानं पाना घेतला आणि रागारागात गिअरबॉक्सच्या कुशीतला बूच सोडायला घेतला. तेलाची पातळी बघायचा तो बूच. आत तेल किती उरलंय ते बघू, म्हणून. एरवी हे काम तो सकाळी करायचा. महाराज आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी लावून जायचे, गाडी रात्रभर निवायची, चिंतामण सकाळी काम धरायचा. गरम तेलात हात घालायचा नाही हा त्याचा शिरस्ता. आज शिरस्ता बिरस्ता रागानं खाल्ला होता.

बूच दोन आटे फिरला आणि आतून आवाज आला, "फुस्सऽऽ!"

मागोमाग गरम तेलाची चूळ उडाली ती थेट त्याच्या हातावर. कुणी दुसरा असता तर हात झटकून ओरडला असता. चिंतामण ओरडलाच नाही. हाताची कातडी लाल होत होती आणि तो त्या बुचाकडं टक लावून बघत होता.

"काय झालं?" महाराज वाकले.

"गप बसा."

महाराजांना उभ्या आयुष्यात असं कुणी म्हटलं नसेल.

"वारं," चिंतामण पुटपुटला. "पोटात वारं कोंडलंय ह्याच्या. सकाळी निवल्यावर ते कळायचं कसं?"

तो खड्ड्यातून वर आला तो दोन्ही पायऱ्या एका ढांगेत. ड्रायव्हरचं दार उघडलं, पायाखालचं मॅट फेकून दिलं, गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर उपसलं, पत्र्याचे चार स्क्रू काढले. खाली गिअरबॉक्सची पाठ दिसली. त्या पाठीवर एक एवढंसं टोपण असतं, अंगठ्याच्या पेराएवढं. मेस्त्री लोक त्याला ब्रीदर म्हणतात. गिअरबॉक्स चालून तापला की आतली हवा फुगते, ती त्या टोपणातून बाहेर जाते. निवला की तिथूनच आत येते. ते त्याचं नाक.

ते नाक दिसतच नव्हतं. त्याच्या जागी पिवळट, तेलानं काळवंडलेला, दगडासारखा एक गोळा बसला होता.

चिंतामणनं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मारलं. गोळ्याचा टवका उडाला. त्यानं तो बोटात चुरगाळला, नाकाला लावला. तेलाच्या वासाखाली दुसरा एक वास होता, घरातला, ओळखीचा.

"ही कणीक हाय," तो म्हणाला. मग आवाज चढला. "गव्हाची कणीक! गिअरबॉक्सला कणीक कुणी लावली?"

बाकावर बसलेल्या रामहरी आबांनी मांडीवरचा पखवाज सावकाश बाजूला ठेवला.

"ती मीच लावलीय," ते म्हणाले.

पखवाजाच्या डाव्या अंगाला प्रत्येक कीर्तनाआधी ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही, आणि कीर्तन झालं की ती खरवडून काढावी लागते, हे कीर्तनाला बसणाऱ्या लहान पोरालाही ठाऊक आहे. आबांच्या झोळीत कणकीचा डबा बारा महिने.

"कार्तिकात," आबा सांगू लागले, "इंदापूरला गेलो होतो. येताना पायापाशी तेलाचा वास यायला लागला. महाराज चहाला उतरले. मी ते रबर जरा उचलून फटीतनं बघितलं. त्या टोपणातनं तेलाचे बुडबुडे येत व्हते. म्हणलं, हितं गळतंय. डब्यात मूठभर कणीक उरली व्हती. थापली. दुसऱ्या दिशी बघितलं तर दगडावानी बसलेली, थेंब न्हाय. मला वाटलं, देवानंच बुद्धी दिली. सांगायचं ध्यानातच राहिलं न्हाय."

"आबा!" चिंतामणचा आवाज फाटला. "कणीक पखवाजाला लावायची का गिअरबॉक्सला? उद्या मला सर्दी झाली तर नाकात कणीक कोंबून म्हणाल, घे, थांबलं! वरनं बंद केल्यावर ती हवा जाणार कुठं? तिनं खालच्या सीलची कड उचलली आणि तेल घेऊन बाहेर पडली. मी तितं सोन्याचं सील बसवलं असतं तरी गळलं असतं! दोन महिने मी खालीच बघतोय. दोन महिने मला माझ्या हाताची शरम वाटतीय!"

आबांनी मान खाली घातली. त्यांची बोटं, थापा मारून मारून पेरांना गाठी आलेली, धोतराच्या काठाशी चाळा करत राहिली.

आणि तेवढ्यात महाराज पुढं आले. त्यांचे डोळे चमकत होते. "वा!" ते म्हणाले. "वा, वा! चिंतामणराव, काय सापडलंय तुम्हाला! अहो, हे काल्याच्या कीर्तनात घेतलंच पाहिजे. वर श्वास कोंडला की खाली गळती! आणि कशानं कोंडला? पखवाजाच्या कणकीनं! म्हणजे भक्तीचंच साधन, पण चुकीच्या जागी! मांडव डोक्यावर घेतील लोक. आबा, तुमचं नाव तर असं रंगवतो..."

आबा हसले. पण ते हसू चिंतामणनं बघितलं. रविवारी रांगेत आपण हसलो असतो तर असंच हसलो असतो, हे त्याला तिथंच उमगलं.

"बास!" त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर फेकला तो पत्र्यावर खणकन आदळला. "बास करा, महाराज! तुमाला माणूस दिसतो का न्हाय? का जो समोर येईल तो दृष्टांतच?"

"अहो, पण तुमच्याच भल्याचं बोलतोय मी," महाराजही आता तापले. "गावाला कळेल की मेस्त्र्याचा दोष नव्हता. तुमचं नाव मोकळं होतंय ह्यात! तेच हवं होतं ना तुम्हाला?"

तेच हवं होतं. चार दिवस दुसरं काहीच नको होतं. चिंतामणच्या डोळ्यांपुढं मांडव आला, लोक आता पखवाजाकडं बघून हसतायत आणि रांगेत आपण ताठ उभे. एक क्षणभर ते चित्र त्याला गोड वाटलं, आणि मग त्या गोडीचीच त्याला चीड आली.

"सांगा महाराज," आबा खालच्या आवाजात म्हणाले. "खरंच हाय ते. चूक माझीच. पोराचं नाव तरी धुऊन निघंल."

"तुमी थांबा, आबा," चिंतामण खेकसला. आणि बोलता बोलताच थांबला. कारण एक गोष्ट त्याच्या डोक्यात आता शिरली होती आणि ती बाहेर जाईना. टोपणातून बुडबुडे आले, ठीक. पण आले का? त्या टोपणातून हवा येते. तेल यायचं कारण काय?

कार्तिकात. म्हणजे दिवाळीनंतर. दिवाळीच्या आधी गिअरबॉक्सचं तेल बदललं होतं त्यानंच. कुशीतल्या बुचातून तेल वाहायला लागलं की भरणं थांबवायचं, हे त्यानं हजार गाड्यांना केलं होतं. पण ही महाराजांची गाडी. गावोगाव देवाचं नाव घेऊन फिरणारी. हिला तेल घालताना हात आखडायचा नाही, असं म्हणून त्यानं बुचाची बाजू जॅकवर उचलली होती आणि वर अर्धा लिटर जास्त कोंबलं होतं. प्रेमानं. डोळे भरून आले होते तेव्हा त्याचे, इतक्या प्रेमानं.

तो बाकावर बसला. लाल झालेला हात मांडीवर ठेवला.

"तेल मीच जास्त घातलं होतं," तो म्हणाला. "दिवाळीआधी. देवाची गाडी म्हणून. जागा उरली न्हाय, म्हणून ते वरनं उसळलं. ते बघून आबांनी कणीक लावली. पहिली चूक माझी हाय."

निंबाखालची एक शेळी आत येऊन जीपच्या चाकाला अंग घासू लागली, तिला हाकलायचंही कुणाला सुचलं नाही.

"मग?" महाराज म्हणाले. "मग मी काय सांगू काल्याला?"

"सांगतो ऐका. आबांचं नाव न्हाय. कणकीचं नाव न्हाय. माझं कौतुक तर मुळीच न्हाय, माझं काम बरोबर होतं असं म्हणालात तर ते खोटं होईल. तुमी एवढंच म्हणायचं की रविवारी एका माणसावर हशा घेतला, तो घ्यायला नको होता. बास."

"नारदाच्या गादीवरून कीर्तनकारानं माफी मागायची?" महाराजांचा चेहरा लाल झाला. "त्या गादीचा मान असतो, चिंतामणराव."

"मला शिकवू नका गादीचा मान. हशा घेताना होता का तो मान? जे गादीवरनं बोललात ते गादीवरनंच मागं घ्या. चहाच्या टपरीवर मला खांद्यावर हात टाकून माफी नको."

"आणि न्हाई घेतलं तर?"

"तर न्हाई. मी काय करणार? गाडी नीट करून देतो. गाडीनं माझं काही वाकडं केलेलं न्हाय."

आणि त्यानं केली. कणीक खरवडली, टोपण काढून डिझेलमध्ये धुतलं, तोंडानं फुंकून बघितलं. हवा सुळकन गेली. मग शाफ्ट सोडून मागचं सील तिसऱ्यांदा बदललं, कारण वाऱ्यानं कड उचलून उचलून तेही बाद झालं होतं. गाडी सपाटीला घेऊन तेल भरलं, कुशीच्या बुचातून बारीक धार आली तशी थांबला. एक थेंब जास्त नाही. मग स्वतः बारामतीच्या वेशीपर्यंत नेऊन आणली आणि खाली पुठ्ठा टाकून ठेवली. तासाभरानं पुठ्ठा उचलला. कोरडा. त्यानं तो महाराजांच्या हातात दिला. महाराजांनी घेतला, बघितला, गाडीत बसले आणि रामकृष्णहरीही न म्हणता निघून गेले. आबा मागं वळून बघत राहिले ते वळणापर्यंत.

रविवारी काल्याला चिंतामण गेला. जायचं नाही म्हणून घरात तासभर येरझाऱ्या घातल्या, विनयाशी दोनदा भांडला, आणि पखवाजाची पहिली थाप कानावर आली तसा पायात चपला अडकवून निघाला. टाळ घेतला नाही. मांडवाच्या अगदी मागं, चपलांच्या ढिगापाशी उभा राहिला, हाताची घडी घालून, दातावर दात ठेवून.

कीर्तन रंगलं. राग कितीही असो, खोटं बोलता येणार नाही, फार रंगलं. गवळणींच्या खोड्या, पेंद्याचं बोबडं बोलणं, लोक लोटपोट. आबांचा पखवाज असा बोलत होता की चिंतामणची बोटं घडी घातलेल्या हातातच ठेका धरायला लागली, ती त्यानं मुठीत आवळली. कीर्तन शेवटाला आलं. आता दहीहंडी फुटणार. महाराजांनी हात वर केला, पखवाज थांबला.

"गेल्या रविवारी," महाराज म्हणाले, "मी ह्याच गादीवरून, ह्या गावातल्या एका माणसावर तुम्हाला हसवलं होतं."

आणि मांडव हसला. सवयीनं. त्या मेस्त्र्याची आठवण होऊन कुणी खो खो, कुणी शेजाऱ्याला टाळी देत. महाराज तोंड उघडून तसेच उभे राहिले. हसणाऱ्या लोकांकडं ते बघत होते, आणि कीर्तनकार होऊन दहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना हशा नकोसा झाला होता.

"हसू नका," ते शेवटी म्हणाले. माईकवर ते जरा जास्तच मोठं आलं. "हसू नका, माउली. ते बोलणं चुकीचं होतं. मला तो हशा घ्यायचा अधिकार नव्हता. मी त्यांच्यापुढं हात जोडतो."

त्यांनी खरंच जोडले. मांडव गप्प झाला. लोक वाट बघत होते की आता पुढं काहीतरी येईल, गोष्ट, कोटी, काहीतरी. आलं नाही. महाराजांनी आबांकडं बघून मान हलवली आणि विठ्ठल विठ्ठल सुरू झालं.

चिंतामणचा राग गेला का? नाही. चाळीस सेकंदांचा तो तुकडा अजून फोनाफोनांतून फिरतच होता, आणि माफीचा तुकडा कुणी टिपला असेल असं त्याला वाटत नव्हतं. पण छातीवरचा आवळलेला हात त्यानं सोडला. घसा मोकळा केला आणि मागूनच, चपलांपाशी उभं राहून, नाम उचललं. टाळाशिवाय.

हंडी फुटली. पोरं दह्यात लोळली. काल्याच्या लाह्या वाटत सुयोग मागं आला आणि ओंजळीत लाह्या घालता घालता हळूच म्हणाला, "मेस्त्री, महाराजांनी तर हातच जोडले. मग नक्की झालं काय होतं गाडीला?"

"तेल जास्त पडलं होतं."

"कुणाकडनं?"

"माझ्याकडनं."

"म्हणजे चूक तुमचीच की हो!" सुयोगचे डोळे मोठे झाले. "मग महाराज कशाला माफी मागत व्हते?"

चिंतामणनं मांडवापलीकडं बघितलं. रामहरी आबा खाली बसून पखवाजाची कणीक खरवडत होते आणि कान इकडंच देऊन होते.

"चूक माझी होती म्हणून गावानं हसायचं होतं का?" चिंतामण म्हणाला. "तुझं ब्रेक आण उद्या. आता लाह्या पुढं ने, म्हातारी माणसं खोळंबलीत."